फिरमिनची फुली

पिकतं तिथं विकत नाही, हे गुस्तकडे बघितलं की पटायचं. फिरमिनची ग्यूझ बिअर प्यायला लोक नॉर्वेहून, मिलानहून, कुठून कुठून वाट वाकडी करून पायोटनलँडमधल्या त्या आडगावात यायचे, आणि हा गुस्त, फिरमिनचा सख्खा शेजारी, फिरमिनच्याच कॅफेत, खिडकीपाशी बसून, उभा जन्म साधी पिल्स बिअर पीत आला होता. ग्यूझचा पेला पुढे केला तर म्हणायचा, "आंबट पाणी ते. आंबट तोंड बघायला घरी बायको आहे माझी."

त्या शनिवारी दुपारी डेन्मार्कचा आस्गर आला तेव्हाही गुस्त तिथेच होता. फिरमिनची मुलगी ग्रीत काउंटरमागे पेले पुसत होती. आस्गर शाळेत भूगोल शिकवायचा. दर शरद ऋतूत, सुट्टी लागली की तो गाडी काढून इकडे यायचा. इथल्या लोकांशी धड बोलता यावं म्हणून हा बाबा संध्याकाळच्या वर्गात जाऊन इथली भाषा शिकला होता. गावात या गोष्टीची चेष्टाही व्हायची आणि कौतुकही.

"आले बघा यात्रेकरू," गुस्त म्हणाला. "खरं सांगा पाहुणे, तुमच्याकडे बिअर मिळत नाही का?"

"मिळते की. चांगली मिळते," आस्गर कोट काढत म्हणाला.

"मग ही पायपीट कशाला?"

"ती कुठेही मिळते. ही इथेच मिळते."

"म्हणजे मिळत नाही म्हणून गोड. अहो, शोधून सापडलेल्या वस्तूला चव आपोआप येते. माझी झनीन मला तीन गावं हिंडून सापडली होती. वर्षभर काय गोड लागली म्हणता."

"आणि आता?"

"आता मी पिल्स पितो."

आस्गर मोकळेपणाने हसला. ग्रीतलाही एरवी हसू आलं असतं. आज मात्र ती मनोमन म्हणत होती, गुस्तचंच खरं असू दे. या लोकांना चव लागते ती प्रवासाची आणि नावाची, बाटलीत काय आहे ते कुणालाच कळत नाही, असंच असू दे. कारण यंदा वसंतात भरलेली ग्यूझ आज पहिल्यांदा उघडणार होती, आणि तिच्यावर नाव फिरमिनचं असलं तरी ती फिरमिनची नव्हती.

ग्यूझचं काम म्हणजे सगळं नाकाचं काम. एकाच दिवशी एकच बिअर दहा पिंपांत भरली तरी दोन-तीन वर्षांत प्रत्येक पिंप आपापल्या वळणावर जातं. एखादं मऊ होतं, एखादं तिखट, एखादं नासून सरळ व्हिनेगर. फिरमिन पिंपाची खुंटी काढून थोडी बिअर पेल्यात घ्यायचा, हुंगायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि मनास आलेल्या पिंपावर खडूने फुली मारायचा. फुलीच्या पिंपांतली जुनी आणि कोवळी बिअर एकत्र करून बाटल्या भरायच्या. घराचा नियम एकच होता, फुली पुसायची नाही. फिरमिनच्या बापाची फुली कुणी पुसली नव्हती, आजोबांचीही नाही. ग्रीतची आई तळघर झाडायची तीसुद्धा फुलीला झाडू लागणार नाही अशा बेताने.

गेल्या हिवाळ्यात फिरमिनला मोठा ताप आला. ताप उतरला, खोकला गेला, भूकही परत आली. नाक काही परत आलं नाही, आणि नाकाबरोबर जिभेची चवही गेली. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. ग्रीतला कळलं ते दुधावरून. नासलेलं दूध त्याने सकाळी कॉफीत ओतलं आणि पेपर वाचत शांतपणे पिऊन टाकलं. घरात बसून रस्त्यावरचं ओलं कुत्रं ओळखणारा माणूस. ग्रीतने पातेलं उचललं, मोरीत ओतलं आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिला तेव्हा वाटलं.

वसंतात तो पिंपं निवडायला तळघरात उतरला. ग्रीत सोबत होती. त्याने पेला नाकाशी धरला, डोळे मिटले, नेहमीइतकाच वेळ थांबला. आठवणीवर चालला होता बिचारा. कुठलं पिंप कुठे ठेवलंय, कुणाचं लाकूड कसं, गेल्या खेपेला कोण कसं होतं, सगळं त्याच्या डोक्यात होतं. बहुतेक फुल्या त्याने ठीक मारल्या. जिन्याखालच्या पिंपावर मारली, आणि मग पेला ग्रीतच्या हातात दिला.

"बरोबर आहे ना?" त्याने विचारलं.

असं त्याने आयुष्यात कुणाला विचारलं नव्हतं. ग्रीतने घोट घेतला आणि तिची दातखीळ बसायची वेळ आली. शुद्ध व्हिनेगर होतं ते. फिरमिन तिच्या तोंडाकडे बघत उभा होता, हातातल्या खडूने बोटं पांढरी झालेली.

"बरोबर आहे, बाबा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी त्याला तळघराच्या गारठ्यात फार वेळ थांबू नको म्हणून बजावलं होतं, तेव्हा बाटल्या भरायचं काम ग्रीतच्या एकटीच्या अंगावर आलं. त्या सकाळी तिने ओल्या ॲप्रनने जिन्याखालची फुली पुसली. दाराजवळचं पिंप तिला आवडायचं, मऊ आणि निवांत. त्यावर तिने बापाच्या वळणाची फुली काढली. दुसरं काय करणार होती? व्हिनेगर मिसळलं असतं तर सगळं वर्ष मातीत गेलं असतं. आणि खरं सांगितलं असतं तर बाप मातीत गेला असता. असा तिचा हिशोब.

तेव्हापासून फिरमिन खुशीत होता. कधी तळघराच्या दाराशी उभा राहून म्हणायचा, "माणूस म्हातारा झाला तरी हात विसरत नाही, ग्रीत." ती हो म्हणायची. ते शब्द ऐकून तिला रात्री झोप यायची, आणि त्याच शब्दांनी कधीकधी उडायचीही.

आता फिरमिन जिना चढून वर आला. हातात वेताची छोटी परडी, परडीत बाटली आडवी, तळघरात होती तशीच, गाळ हलू नये म्हणून. बाटली उभी करणाऱ्याला त्या घरात जेवायला वाढलं नसतं.

"आस्गर, ही पहिली," तो म्हणाला. "तू पिऊन बघितल्याशिवाय दुसऱ्या कुणाला देणार नव्हतो."

बूच निघालं. फेस वर आला आणि बेताने बसला. आस्गरने पेला हुंगला. मग घोट घेतला, खिडकीबाहेर बघितलं, दुसरा घेतला. ग्रीत पुसलेलाच पेला पुन्हा पुसत राहिली.

"सुंदर आहे," आस्गर म्हणाला.

ग्रीतचा जीव भांड्यात पडला.

"पण वेगळी आहे," तो पुढे म्हणाला. "हात वेगळा वाटतो."

"हात तोच आहे," फिरमिन हसून म्हणाला. "पिंपं दरवर्षी बदलतात रे. पिंपांना कुठे मास्तर असतो."

"ते खरं. पण तुमच्या ग्यूझमध्ये शेवटी एक चावा असतो. गेल्या वर्षी होता, त्याच्या आदल्या वर्षीही होता. तो तुम्ही मुद्दाम ठेवता असं मी समजत होतो."

"मुद्दामच ठेवतो. जिन्याखालच्या पिंपाचा चावा तो. या खेपेलाही आहे त्यात."

आणि गुस्तने तोंड उघडलं. त्या माणसाच्या मनात काडीचं वाईट नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं.

"जिन्याखालचं?" तो म्हणाला. "त्याचा चावा आमच्या घरी आहे, फिरमिन. ते नासलं म्हणून ग्रीतने झनीनला दिलं ना. अजून त्यात कांदे घालतोय आम्ही. पाहुण्यांना एक बरणी दे, तेवढंच शोधत आल्याचं सार्थक."

फिरमिन आधी गुस्तकडे बघत होता, मग हळूहळू मुलीकडे वळला.

"त्यावर फुली होती," तो म्हणाला.

"हो, बाबा."

"मी मारलेली."

"ते व्हिनेगर झालं होतं."

"मी तुला विचारलं होतं." त्याचा आवाज चढला नाही, आणि तेच ग्रीतला सोसवेना. "तू चाखून सांगितलंस, बरोबर आहे म्हणून."

"तुम्हाला वास येत नाही हे मला ठाऊक होतं. नासलेलं दूध प्यायलात तेव्हापासून. तुम्ही लपवत होतात, म्हणून मीही... तुम्हाला लागू नये एवढंच बघत होते मी."

फिरमिन खुर्चीवर बसला. त्याचे हात गुडघ्यांवर पडून राहिले. इतक्या महिन्यांची सगळी खुशी त्याच्या चेहऱ्यावरून उतरताना ग्रीतला दिसली. दाराशी उभं राहून त्याने किती वेळा ते हाताचं वाक्य म्हटलं होतं, आणि ती किती वेळा हो म्हणाली होती, हे त्या क्षणी दोघांनाही एकदमच आठवत असावं. नाक गेल्याचं दुःख त्याने एकट्याने गिळलं होतं, तेही परवडलं. पण स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलीपुढे, त्याला लहान मुलासारखं खेळवलं गेलं होतं.

गुस्त उठून टोपी शोधू लागला. "मी काहीतरीच बोललो बहुतेक," तो पुटपुटला.

"बस रे," फिरमिन म्हणाला. मग त्याने आस्गरच्या पेल्याकडे बोट केलं. "मला सांग, कशी आहे ती?"

"बाबा, मला विचारा ना," ग्रीत म्हणाली. "मी सांगते."

"तू मला बरं वाटेल ते सांगशील." तो आस्गरकडेच बघत होता. "बोल. आडपडदा न ठेवता."

आस्गर अवघडला. त्याने एकदा ग्रीतकडे बघितलं, आणि मग पुन्हा घोट घेतला, काम म्हणून, सावकाश.

"आधी पिकल्या सफरचंदाची साल," तो म्हणाला. "मग थोडा मध. जुनं लाकूड. आणि नंतर... थांबते. गोडसरपणावर थांबते. पुढे काही येत नाही."

फिरमिन डोळे मिटून ऐकत होता. "दाराजवळचं पिंप," तो म्हणाला. "त्याच्या जोडीला जिन्यासमोरचं कोवळं घालायला हवं होतं. लिंबाच्या सालीसारखं कडू आहे ते, त्याने टोक आलं असतं." मग डोळे उघडून त्याने विचारलं, "चांगली आहे का?"

"चांगली आहे. स्वच्छ आहे. कुणालाही आवडेल." आस्गरने पेला खाली ठेवला. "पण हिच्यासाठी मी इतक्या लांब आलो नसतो."

ग्रीतला ते लागलं. ती बिअर तिची होती. पहिली आणि एकटीची. आणि माणूस खोटं बोलत नव्हता.

फिरमिनने मान हलवली. रागावल्यासारखी नाही, वाट चुकलेल्याला कुणी रस्ता दाखवल्यावर हलवावी तशी.

"असं सांगायचं असतं, ग्रीत," तो म्हणाला. "त्या दिवशी तू असं सांगितलं असतंस तर मला वाईट वाटलं असतं, चार दिवस कुणाशी बोललो नसतो. पण मग तुझी जीभ आणि माझी आठवण मिळून एक ग्यूझ झाली असती."

ग्रीत काउंटरमागून बाहेर आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली. "अजून करता येईल, बाबा. येत्या वसंतात. मी चाखते, तुम्हाला सांगते, तुम्ही पिंपं निवडा."

त्याने तिच्याकडे बघितलं. प्रेम होतं त्या बघण्यात, ते कुठे गेलं नव्हतं.

"तू सांगशील गं," तो म्हणाला. "पण ते मला खरं वाटायला हवं ना."