सगुणाबाईचा हात

सदाशिव पेठेतलं ते सभागृह पाचशे माणसांचं, पण त्या संध्याकाळी आत आठशे तरी होती. खुर्च्या संपल्यावर लोक पायऱ्यांवर बसले, पायऱ्या संपल्यावर भिंतीला टेकले. आणि तरीही इतकी शांतता, की व्यासपीठावर गडूतून ओतलेल्या पाण्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

पिवळ्याधमक शेल्यावर रक्ताचा हात उमटला होता. तळवा, पाच बोटं, अगदी करंगळीच्या टोकापर्यंत.

तो हात दीपमालाचा होता.

खरं तर ती टाळ्या वाजवायला आली होती. 'इतिहासाच्या दोन संध्याकाळी' हा कार्यक्रम पेठेतल्या, लहान मुलांच्या फिटच्या मोफत दवाखान्याच्या मदतीसाठी होता. तिची अकरा वर्षांची नम्रता तिथलीच पेशंट. दीपमाला वाशीमकडची, नवरा गेल्यावर पुण्यात आली आणि विद्यार्थ्यांना पोळीभाजीचे डबे देऊ लागली. गेली दोन वर्षं नम्रताला सकाळी एक आणि रात्री आठ वाजता एक गोळी चालू होती, आणि या दोन वर्षांत एकदाही फिट आली नव्हती.

समितीने अशा घरांतल्या माणसांना पहिल्या रांगेत बसवलं होतं आणि छातीवर गुलाबी बिल्ला लावला होता. वर मोठ्या अक्षरांत 'लाभार्थी', खाली दवाखान्याचं नाव. दीपमालाने दोनदा तो पदराखाली घेतला आणि समितीचे रंगनाथ काका, निवृत्त मुख्याध्यापक, दोनदा येऊन म्हणाले, "ताई, बिल्ला दिसू द्या. आपला पैसा कुठे जातो, हे दात्यांना कळायला नको का?"

वक्ते होते इतिहाससाधक उत्तरेश्वरजी. भगवा कुर्ता, मनगटावर भलं मोठं घड्याळ.

"सनावळ्या शाळेत शिका!" ते सुरुवातीलाच गरजले होते. "सन म्हणजे इतिहासाचं हाडूक. मी तुम्हाला इतिहासाचं रक्त दाखवतो!"

मग त्यांनी सगुणाबाईची कथा सांगितली. अडीचशे वर्षांपूर्वीची सरदाराची सून. अंगावरची हळद उतरायच्या आत तिला सासरच्यांनी विहिरीत ढकललं. "आणि ती विहीर कुठे आहे, माहीत आहे? आत्ता, तुमच्या पायांखाली!" पुढच्या चार रांगांनी पाय वर घेतले.

रंगनाथ काका उभे राहिले. "संदर्भ काय याला? कोणतं दफ्तर, कोणता कागद?"

"कागद पाण्यात गेला, काका. बाईबरोबर."

टाळ्या पडल्या. काका खोकले आणि खाली बसले. मदतपेटी भरत होती. यजमानाने किती ताणायचं?

मग तो हळदीचा शेला निघाला. "तिचा रोष ज्या घरात आहे, त्या घरच्या हाताला ती हात देते!" दोन मोठ्या घरच्या बायका वर गेल्या. तांब्याच्या गडूतल्या पाण्याने त्यांचे हात ओले केले, शेल्यावर दाबले. नुसती ओल उमटली. मग उत्तरेश्वरजींनी पहिल्या रांगेकडे बोट केलं. "तू ये, माझे आई. दुःखितांसाठी चांदीचा गडू!"

त्यानंतर काय झालं, ते वर सांगितलंच.

"घरात लेकरू आहे," उत्तरेश्वरजी डोळे मिटून म्हणाले. "त्याला झटके येतात. खरं की खोटं?"

"खरं," दीपमालाच्या तोंडून निघालं. याला कसं कळलं? आठशे माणसांनाही तोच प्रश्न पडला होता.

"गोळ्या देतेस? अगं, गोळीने ती आत कोंडली जाते! कोंडलेली बाई काय करते? दार फोडते! एकवीस दिवस गोळी बंद. शेल्याची ही पट्टी लेकराच्या मनगटाला बांध. पिवळी राहिली तर बाई शांत. पण लाल झाली, तर…"

त्यांनी वाक्य तिथेच सोडलं. हुशार माणूस. भीतीचं वाक्य अर्धं ठेवलं, की उरलेलं ऐकणारा घरी जाऊन पुरं करतो.

दीपमालाने रात्रभर तेच केलं. त्या रात्री तिने गोळी दिली नाही. डबी हातात घेतली, ठेवली, पुन्हा घेतली, पुन्हा ठेवली. नम्रता पिवळी पट्टी बांधून झोपली होती, आणि दीपमाला तिच्याकडे पाहत बसली होती. आपल्याच लेकीकडे, तिच्या आत कुणी दुसरं बसलंय का, ते शोधत. असं बघायची वेळ कुठल्याही आईवर येऊ नये.

सकाळी न्हाणीतून किंकाळी आली.

नम्रता ओल्या अंगाने उभी होती. एका हातात साबण, दुसरा हात अंगापासून लांब धरलेला, जणू तो तिचा नव्हेच. मनगटावरची पट्टी लालभडक झाली होती.

"आई, ती बाई माझ्यात आहे का गं?"

तेवढ्यात नम्रताची बोटं फडफडली, एकदा, दोनदा. दोन वर्षांत फडफडली नव्हती.

"माय वं! हे काऊन झालं माह्या लेकीले!" घाबरली की तिची वाशीमची बोली वर यायची. तिने पट्टी सोडली आणि जाळून टाकावी म्हणून काडेपेटी शोधायला वळली. तोल गेला, आणि हात कोपऱ्यातल्या बादलीत पडला. बादलीत रात्री सोड्याच्या पाण्यात भिजत घातलेला तिचा एप्रन होता.

एप्रनवर वरणाचे, भाजीचे डाग होते. सगळे लाल.

दीपमालाने पट्टी डागाशेजारी धरली. एकच रंग.

हा रंग तिने हजार वेळा पाहिला होता. हळद सोड्याला लागली, साबणाला लागली, की लाल होते. डबे सुरू केल्यापासून रोज रात्री ती हे बघत आली होती, आणि एकदाही घाबरली नव्हती. काल मात्र शेला, गडू, सरदाराची सून, आठशे माणसं, असा सगळा थाट होता. तो पाहून ती आपलीच बादली विसरली होती.

किंकाळी ऐकून शेजारची अख्तरबानू धावत आली होती. तिच्या नवऱ्याचं, हुसेनभाईंचं, मंडईजवळ पानाचं दुकान.

"अगं, पण सभेत साबण कुठे होता?" सगळं ऐकून ती म्हणाली. "पाणी तर साधंच दिसत होतं ना?"

"तेच कळत नाही."

अख्तरबानूने क्षणभर विचार केला. मग घरून चुन्याची डबी आणली, चुना पाण्यात कालवला, खाली बसू दिला. वर आलं ते पाण्यासारखं स्वच्छ. चुन्याची निवळी. दीपमालाने त्यात हात बुडवला, थोडी हळद लावून वाळवलेल्या फडक्यावर दाबला.

सगुणाबाई आली.

"घे," अख्तरबानू म्हणाली. "पानाबरोबर ही सरदारीण आमच्याकडे फुकट मिळते."

दीपमाला हसली आणि हसता हसता रडली. मग दवाखान्यातल्या जिनत डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर आधी चिडल्या, मग शांतपणे म्हणाल्या, "आत्ता, लगेच सकाळची गोळी दे. रात्रीची भरून काढायला दोन देऊ नकोस. आणि बोटांकडे लक्ष ठेव." दुपारपर्यंत बोटं शांत झाली. पण आता तिला आठशे माणसांपुढे उभं राहायचं होतं.

दुसऱ्या संध्याकाळीही तेवढीच गर्दी होती. "पट्टीचं काय झालं, माझे आई?" उत्तरेश्वरजींनी माइकवरून विचारलं.

"लाल झाली." सभागृहातून भीतीची लाट गेली. दीपमाला नम्रताचा हात धरून व्यासपीठावर चढली. तिने माइक दोन्ही हातांनी धरला. "आज एवढंच करा. मले तांब्याच्या गडूतलं पाणी द्या. आणि चांदीच्या गडूतलं दुसऱ्या कुणाला तरी."

"असं चालत नाही! परंपरा…"

"मला द्या," मागून आवाज आला. रंगनाथ काका चालत येत होते. "आमच्या घरात कुणाला झटके येत नाहीत. भुताचं म्हणाल, तर सौभाग्यवतींच्या मते ते मीच आहे. ओता."

उत्तरेश्वरजी ओतेनात. काकांनी चांदीचा गडू उचलून आपणच हातावर ओतला आणि शेल्यावर दाबला. लालभडक पंजा. दीपमालाने तांब्याच्या गडूतल्या पाण्याचा हात दाबला. नुसती ओल.

"म्हणजे रोष घरात नाही," काका म्हणाले. "गडूत आहे."

"हळद आहे ही, आणि चुन्याची निवळी," दीपमाला म्हणाली. "बायांनो, तुम्ही रोज धुता हा डाग. आता बघा." तिने पिशवीतलं कापलेलं लिंबू नम्रताच्या हातात दिलं. नम्रताने ते त्या लाल पंजावर पिळलं, चोळलं. बोटामागून बोट पिवळं होत गेलं.

"गेली," नम्रता माइकमध्ये म्हणाली. सभागृहात कुणीतरी हसलं, मग सगळेच.

"पण मुलीचं त्यांना कसं कळलं?" पायऱ्यांवरून कुणीतरी विचारलं.

दीपमालाने पदर बाजूला केला. गुलाबी बिल्ला तिथेच होता.

"त्यांना वाचता येतं म्हणून."

हसू थांबलं. रंगनाथ काकांनी तो बिल्ला वाचला. मग त्यांनी स्वतः तो काढला, पहिल्या रांगेतल्या सगळ्यांचे काढले आणि खिशात कोंबले. "चूक आमची," ते म्हणाले. "आणि काल मी संदर्भ विचारून गप्प बसलो, तीही." तेवढ्या वेळात इतिहाससाधक आपला शेला आणि दोन्ही गडू मागे ठेवून बाजूच्या दाराने नाहीसे झाले होते.

दीपमाला अजून माइक धरून होती. एवढं बोलायचं तिने ठरवलं नव्हतं.

"भीती मलेबी वाटली," ती म्हणाली. "वाटते माणसाला, तिची लाज नाही. पण घाबरल्यावर एक करा. जे दाखवलंय, ते घरी आपल्या हाताने करून बघा. आणि कुणी काही म्हणो, डॉक्टरला विचारल्याशिवाय लेकराची गोळी बंद करू नका. माझ्याकडून एकच चुकली, तेवढ्यात पोरीची बोटं फडफडली."

भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजत आले होते. तिने कमरेची डबी काढली. रंगनाथ काकांनी तांब्याचा गडू पुढे केला, आधी स्वतः एक घोट पिऊन. आठशे माणसांदेखत नम्रताने गोळी जिभेवर ठेवली आणि पाणी प्यायली.