दादा हो म्हणाला

रस्त्याच्या टोकाला चष्म्यांचं दुकान होतं आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत ताई आणि तिचा थोरला भाऊ राहायचे. दादाने उभं आयुष्य बस चालवली. मग मेंदूत गुठळी झाली. हातपाय सावरले, पण शब्द जागा सोडून गेले. मीठ हवं असलं की तो छत्री मागायचा. त्याचं ताईला काही वाटत नसे, सवयीने कळायचं. खरी पंचाईत 'हो' आणि 'नाही'ची होती. ते दोन्ही कधी जागेवर असायचे, कधी अदलाबदल करून बसायचे, आणि आत्ता कुठला कुठे आहे हे दादालाही सांगता येत नसे.

अशा घरात जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी एक कुत्री आणून सोडली. चष्म्याची दांडी बसवून घ्यायला आल्या त्या तिला काखोटीला मारूनच.

"रस्त्यावर सापडली. पायाचं हाड जुळलंय आता. कायमचं घर मिळेपर्यंत ठेवा, फार तर आठवडाभर. आणि हो, नाव ठेवू नका. नाव ठेवलं की जीव जडतो."

ताईने नाव ठेवलं नाही. नावं मात्र रोज ठेवली. कुत्रीने चष्म्याच्या डब्यांचं मखमली अस्तर कुरतडलं. काचा घासायच्या यंत्रात केस गेले. दुपारी ती दारात अशी आडवी पसरायची की गिऱ्हाइकाला तिला ओलांडून आत यावं लागे. दादाचं तिच्याशी छान जमलं. तो तिला कधी किल्ली म्हणायचा, कधी चादर, एकदा तर मंगळवार म्हणाला. ती दरवेळी शेपूट हलवत हजर. माणसांसमोर एक शब्द चुकला की दादा ओठ मिटून घ्यायचा. कुत्रीशी तो तासन्‌तास बोलत बसे. ताई काच घासता घासता ऐकायची. त्या बोलण्याला ना शेंडा ना बुडखा, पण आजारानंतर तो इतका बोललाच नव्हता.

आठवडाभराचे दोन महिने झाले आणि डॉक्टरीणबाईंचा फोन आला. गावाबाहेर रोपवाटिका असलेलं एक जोडपं कुत्रीला न्यायला तयार होतं. उद्याच येणार होते.

"दादा, हिला घर मिळालंय. देऊ या का?"

"हो."

"म्हणजे जाऊ दे म्हणतोस?"

"नाही."

"मग ठेवायची?"

"नाही." आणि मग वैतागून, "हो. नाही." त्याने कपाळावर हात मारला.

ताईने एक युक्ती केली. पट्टा आणि खाण्याची वाटी त्याच्यापुढे ठेवली. "द्यायची असेल तर पट्टा उचल, ठेवायची असेल तर वाटी." दादाने दोन्ही उचललं आणि कुत्रीपुढे नेऊन ठेवलं.

ताईचं डोकं भणभणलं. त्याला कुत्री हवी असेल तर देणं म्हणजे त्याचं बोलणंच काढून घेणं. आणि तो बहिणीला त्रास नको म्हणून दे म्हणत असेल तर? तिला स्वतःला काय हवंय, हेही तिला नीट सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी जोडपं आलं. बाई बोलक्या होत्या. नवरा धिप्पाड, हाताच्या रेषांत माती मुरलेली, आणि ऐकायला चांगलाच कमी.

"मोठ्याने बोला, नाहीतर ते नुसती मान डोलावतात," बाईंनी आधीच बजावलं.

नवरा जमिनीवर बसला. कुत्री त्याचे हात हुंगायला लागली. दादा त्याच्याजवळ सरकला. मग म्हणाला, "हिला जिना घट्ट नको."

"बरोबर आहे," नवऱ्याने मान डोलावली. "मोकळी जागा खूप आहे आमच्याकडे."

"रात्री खिडकी खाते."

"झोपेल की. आमच्या पायाशी झोपेल."

दादाचा चेहरा खुलला. तो आणखी बोलू लागला, समोरचा आणखी मान डोलावू लागला. दोघांचं कुठेच जुळत नव्हतं आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता. ताई आणि बाई एकमेकींकडे बघत राहिल्या. शेवटी दादाने पट्टा त्या माणसाच्या हातात दिला. लगेच परत घेतला. पुन्हा दिला.

"नेऊ ना मग?" बाईंनी विचारलं.

ताईच्या तोंडून "न्या" निघून गेलं.

ते गेल्यावर दादा भिंतीकडे तोंड करून बसला. ताई त्याच्याजवळ गेली.

"रागावलास का माझ्यावर?"

"हो," तो म्हणाला, आणि तिच्या पाठीवर हलकेच थोपटलं.

पुढचे दिवस तो छत्रीसुद्धा मागेना. ताईच्या हातून दोन चष्म्यांच्या काचा उलटसुलट बसल्या. शेवटी रविवारी तिने दादाला घेऊन रोपवाटिका गाठली. कुत्री धावत आली, दादाला जवळजवळ पाडलंच, सगळं तोंड चाटलं. मग निवांतपणे परत जाऊन आपल्या नव्या मालकाच्या सावलीत पसरली. दादा बघत राहिला. मालकाने त्याला हाताला धरून रोपांच्या ओळींतून फिरायला नेलं. दुपारभर दोघं बोलत होते, कुत्री मागून चालत होती.

"काय कळतंय यांना एकमेकांचं, कुणास ठाऊक," बाई म्हणाल्या.

आता दर रविवारी दुकान बंद असतं. दादा सकाळीच बूट घालून तयार असतो. देऊ या का विचारलं तेव्हा त्याच्या मनात काय होतं, ते ताईला अजून उमगलेलं नाही. तिनेही पुन्हा विचारलं नाही.