जिभेचा उपास

“मीठ जास्त झालं काय जी?” माणिकबाईनं विचारलं.

जानरावच्या तोंडात वांग्याच्या भाजीचा घास होता. भाजी कसली, नुसतं मीठच. डोळ्यांत पाणी आलं. त्यानं तांब्या उचलून दोन घोट घेतले आणि म्हणाला, “नाई. बेस झाली भाजी. माणिक, तू बस. आराम कर.”

माणिकबाई त्याच्याकडे बघत राहिली. तव्यावरची पोळी करपायला लागली तरी बघतच राहिली.

या जानराव तायडेला ओळखणारा कोणी तिथे असता, तर त्यानं स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवला नसता. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर, त्यातली बावीस परतवाडा-अकोला गाडीवर. दारात अडून उभ्या राहिलेल्या बाईला हा म्हणायचा, “बाई, गाडी तुह्या बापानं आंदण देल्ली काय? सरक मांगं!” आणि बाई सरकायची. घरीही जीभ तीच. चहाला उशीर झाला की ओसरीतून ओरडायचा, “चहा करून राह्यली का विहीर खोदून राह्यली?” माणिकबाईही काही ऐकून घेणाऱ्यातली नव्हती. आतून उत्तर यायचं, “विहीर खोदली त पयले तुमालेच ढकलीन!” मग चहा यायचा, दोघं बशीत ओतून फुर्र फुर्र प्यायचे. एक्केचाळीस वर्षं हे असं चाललं. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या त्या बोळात नवीन भाडेकरू आला की त्याला वाटायचं, या घरात रोज भांडण असतं. त्या दोघांना मात्र आपण भांडतो असं कधी वाटलंच नाही.

जानेवारीत माणिकबाईचे डोळे पिवळे झाले. अमरावतीच्या डॉक्टरनं तपासण्या केल्या आणि जानरावला आणि रागिणीला बाहेर व्हरांड्यात बोलावलं. रागिणी त्यांची एकुलती मुलगी, नागपूरला नर्स. स्वादुपिंडात गाठ आहे, लिव्हरपर्यंत गेली आहे, दोन महिने, फार तर तीन, असं डॉक्टर म्हणाला. जानरावला ते धड कळलंही नाही. रागिणीच्या चेहऱ्यावरून कळलं.

“आईले सांगायचं नाई, बाबा,” रागिणी डोळे पुसत म्हणाली. “कावीळ हाये म्हणायचं. जेवढे दिवस हायेत तेवढे सुखाचे जाऊ द्या तिचे.”

जानरावनं मान हलवली.

पुढे तीन आठवड्यांनी चर्चमध्ये ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू झाला. पाळक योगेश तरुण माणूस, नगरकडचा, बोलणं मोठं गोड आणि स्वच्छ. त्यानं बायबलातल्या नीतिसूत्रांतून मऊ उत्तराबद्दल प्रवचन केलं. रागाला शांत करते ती सौम्य वाणी, जखम करते तीही वाणीच. या चाळीस दिवसांत मांस-मच्छी सोडून देवावर उपकार करू नका, म्हणाला. खरोखर जड जाईल असं काहीतरी सोडा आणि चिठ्ठीवर लिहून द्या. कोणी चहा लिहिला, कोणी तंबाखू, एका बाईनं टीव्ही लिहिला. जानरावनं पेन्सिल घेऊन एकच शब्द लिहिला, ‘जीभ’.

पाळकांना वाटलं, प्रभूनं म्हाताऱ्याच्या अंतःकरणात काम केलं. पुढच्या रविवारी त्यांनी त्याला सगळ्यांसमोर साक्ष द्यायला, आपला अनुभव सांगायला, उभंच केलं. बायका माणिकबाईला म्हणाल्या, “भाग्याची हो तू!” जानरावनं काय विचार केला होता तो त्याचा त्याला ठाऊक. थोडेच दिवस राहिलेत, आता हिच्या कानावर आपला एक वाकडा शब्द पडू द्यायचा नाही, एवढाच. वाईट काय होतं त्यात? काहीच नाही. पण माणसाचं नशीब असं फुटकं, की चांगलं करायला जावं आणि तिथंच पाय घसरावा.

तर त्या दिवशी, उपासकाळाच्या सतराव्या दिवशी, माणिकबाईनं तवा खाली उतरवला, गॅस बंद केला आणि धाप टाकत त्याच्यासमोर येऊन बसली.

“मीठ म्या मुद्दाम टाकलं,” ती म्हणाली. “दोन मुठी. परवा तुमचा चष्मा मोडला ना, तोही मीच बसलो त्याच्यावर. पाहून बसलो. त तुमी म्हणे, राहू दे, नवा घेऊ. नवा घेऊ म्हणे! जीव गेला माह्या ते आईकून.”

“अवो, उपासकाळ हाये. पाळकसाहेबानं सांगतलं…”

“पाळकसाहेबाची गोठ नका सांगू मले. उभ्या जन्मात तुमी दोनदा असे बोलले माह्याशी. एकदा आपलं पोरगं, दाविद, तापात गेलं तवा. एकदा माह्या बाप गेला तवा. दोन्ही बखत दारातून येऊन म्हणे, ‘माणिक, तू बस.’ आता सतरा दिसापासून हेच चालू हाये, माणिक तू बस, माणिक तू बस. कोन मेलं?”

जानरावच्या हातातला घास ताटात पडला.

“मीच ना?” माणिकबाई म्हणाली.

“कावीळ हाये वं. उतरते हळूहळू…”

“तुमाले खोटं बोलता येत नाई. बोलायले गेले की आवाज मऊ येते तुमचा. किती दिस?”

जानराव रडला. सत्तरीला टेकलेला माणूस, खरकट्या हातानं डोळे पुसत रडला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. डॉक्टर म्हणे दोन महिने. त्यातले पाच हप्ते गेले.

माणिकबाई रडली नाही. तिला राग आला होता, आणि तो साधासुधा राग नव्हता.

“पाच हप्ते माह्ये होते जी,” ती म्हणाली. “तुमी दोघं बाप-लेकीनं खाल्ले. तवा मी चालत होतो, फिरत होतो. मी म्हटलं नाई तुमाले, का अचलपूरले गोदीकडं जाऊन येतो म्हणून? तुमी काय म्हणे? ऊन हाये, कावीळ उतरू दे, मंग जाऊ. मले ठाऊक असतं त मी रांगत गेलो असतो तिच्या दारी!”

गोदी म्हणजे गोदाबाई, माणिकबाईची धाकटी बहीण. नऊ वर्षांपूर्वी रागिणीच्या लग्नात हळद लावायला गोदाबाई पुढे झाली होती. तिला मूलबाळ नव्हतं. माणिकबाईनं भरल्या मांडवात तिचा हात धरला आणि म्हणाली, “गोदे, तू नको लावू. रिकाम्या ओटीच्या हातानं हळद नाई लावत.” बाप्तिस्मा झालेली, दर रविवारी चर्चमध्ये बसणारी बाई, आणि तोंडातून निघालं ते हे. गोदाबाईनं हळदीची वाटी खाली ठेवली, पिशवी उचलली आणि पुढची गाडी पकडून अचलपूर गाठलं. त्यानंतर बहिणीचं तोंड पाहिलं नाही. फोन केला तरी कट करायची.

सोमवारी अचलपूरला जायचं ठरलं. रागिणी नागपूरहून आली, तिनं गाडीही सांगितली. पण रविवारी संध्याकाळी माणिकबाईचं पोट टम्म फुगलं, पाय सुजले आणि उभं राहायला गेली ती कोसळलीच. रागिणीनं नाडी धरली, बापाकडे पाहिलं आणि गाडीवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं.

सोमवारभर माणिकबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. मंगळवारी सकाळी तिनं जानरावला जवळ बोलावलं.

“तुमी जा,” ती म्हणाली. “मी सांगतो तसंच सांगजा तिले. सांगजा, त्या दिशी तुह्या बहिणीच्या तोंडात किडे पडायले पायजे होते. माफी मांगाले मले तोंड नाई. येऊन दोन कानाखाली दे, पर ये, गोदे. माह्या पोरीले तुह्याच हाताची हळद पायजे होती.”

एवढं बोलून ती दमली. जानराव सात वाजताच्या गाडीत बसला.

रस्ता त्याच्या पायाखालचा होता, पण त्या दिवशी त्याचं खिडकीबाहेर लक्ष नव्हतं. तो मनातल्या मनात शब्द जुळवत होता. किडे, कानाखाली हे कसं सांगावं? नऊ वर्षांची जखम, तिच्यावर असले शब्द टाकायचे? अडीच-तीन तासांत त्यानं निरोप चांगला घासूनपुसून घेतला. पाळकांनी ऐकला असता तर शाबासकी दिली असती.

गोदाबाई अंगणात तुरीची डाळ निवडत बसली होती. जानरावला पाहून उठली नाही.

“गोदाबाई,” तो अंगणाच्या दाराशी उभा राहून म्हणाला, “तुमच्या बहिणीचा निरोप हाये. ती लय बिमार हाये, उठता येत नाई. तिच्या बोलण्यानं तुमचं मन दुखलं, त्याचा तिले मनापासून पस्तावा हाये. प्रभूच्या नावानं तिले क्षमा करा, म्हणते.”

गोदाबाईनं सुपातला एक खडा काढून बाजूला टाकला.

“हे कोन म्हणलं?”

“माणिक म्हणली.”

“माणकी कवा अशी बोलली नाई. ‘मनापासून पस्तावा’!” गोदाबाई सूप घेऊन उठली. “हे तुमच्या पाळकाचं हाये, नाईतर तुमचं हाये. तिनं बोलायचं अन् तुमी येऊन गोड गोड बोलून वापस न्यायचं? तिले नसन यायचं तोंडावर त नसू दे. घेऊन जा हे.” ती आत गेली आणि दार लोटून घेतलं.

जानराव उन्हात उभा राहिला. आधी त्याला राग आला, मग स्वतःची लाज वाटली. बाई मरायला टेकली आहे, चार वाक्यं तिनं आपल्या हातात दिली होती, आणि आपण तीही पोचवली नाहीत. तिचे पाच हप्ते आपण मऊ बोलून घालवले, आता तिचे शब्दही घालवत होतो. तो पुढे झाला आणि दाराच्या फटीला तोंड लावून बोलला. एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. तोंडात किडे म्हणाला, कानाखाली दे म्हणाला. शेवटचं वाक्यही त्यानं पुरं केलं. “माह्या पोरीले तुह्याच हाताची हळद पायजे होती.”

आत सूप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग दार उघडलं.

“हां,” गोदाबाई म्हणाली. तिचा चेहरा ओला होता. “हे तिचं हाये. हळदीचं खरंच म्हणली?”

“माह्या पोरीची आण. म्हणली.”

गोदाबाईनं पायात चपला सरकवल्या, पिशवीत एक लुगडं कोंबलं आणि दाराला कुलूप घातलं. निवडायची उरलेली डाळ अंगणातच राहिली.

गाडीत ती खिडकीशी बसली. अंजनगाव आलं. मग एकाएकी म्हणाली, “गेल्या गेल्या पयले शिव्या देईन मी तिले. नऊ वर्साच्या साचल्या हायेत. मंग पाहू माफीचं.”

“दे,” जानराव म्हणाला. “तिले बरं वाटीन.”

गोदाबाई जराशी हसली. बहिणीला जेवण जातं का, विचारलं. ज्वारीच्या कण्या करून घालते म्हणाली, माणकीला लहानपणी लय आवडायच्या.

अकोट सोडलं आणि जानरावचा फोन वाजला. रागिणी होती. ती काही बोलूच शकत नव्हती, नुसतं “बाबा, बाबा” करत होती. जानरावनं ऐकून घेतलं, “येतो” म्हणाला आणि फोन खिशात ठेवला.

अकोला अजून तासाभरावर होतं. गोदाबाई कण्यांत ताक घालायचं की दूध, ते विचारत होती. तासभर बोलू द्यावं हिला असंच, असं त्याच्या मनात येऊन गेलं. घरी पोचल्यावर कळेलच. पण ते मनात आलं तसं त्यानं झटकून टाकलं. सीटच्या दांडीला धरून तो तिच्याकडे वळला.

“गोदा, माणिक गेली,” तो म्हणाला. “आत्ताच.”

गोदाबाईनं तोंड खिडकीकडे फिरवलं. आधी आवाज आला नाही, नुसते ओठ हलत होते. हळूहळू शब्द ऐकू यायला लागले.

“सटवे, दोन घंटे नाई थांबता आलं तुले? नऊ वर्सं मले थांबवलं ना? कधी एक बार आली काय माह्या दारी? निरोप धाडते! मी निघालो ना घरातून, कुलूप लावून निघालो ना, मंग? कोनाले शिव्या देऊ आता, माणके? सांग ना, कोनाले देऊ?”

आवाज चढत गेला. पुढच्या सीटवरची माणसं वळून पाहायला लागली. एक लेकरू रडायला लागलं. पंचविशीचा कंडक्टर तिकिटाचं मशीन सावरत जवळ आला आणि वाकून म्हणाला, “मावशी, जरा हळू बोला ना. लोकं पाहून राह्यले.”

“बोलू दे तिले,” जानराव म्हणाला. “बहिणीशी बोलून राह्यली.”

कंडक्टरनं त्या दोघांकडे पाहिलं, आणि तो मागच्या लोकांना तिकिटं द्यायला गेला. चोहोट्टा आलं, माणसं उतरली, चढली, गाडी पुन्हा निघाली. गोदाबाई बोलतच होती.