पेंट शॉपमधून कोणाला पाठवायचं

टँकर दिवसाआड यायला लागले आणि चितेगावच्या त्या कारखान्यात पेंट शॉप बदलायचं ठरलं. रंगाआधी पत्रे धुवायला पाणी फार लागायचं. आता बिनपाण्याची, पावडरच्या रंगाची लाईन येणार होती. नवे मॅनेजर चिन्मय म्हणाले, "तुम्हा बारा जणांतला एक तुम्हीच निवडा. तो आधी शिकेल, मग बाकीच्यांना शिकवेल. म्हणजे कुणाला भीती राहणार नाही."

भीती तिथूनच सुरू झाली. मागं वेल्डिंगला नवं मशीन आलं, तेव्हा आधी तिथला कामगार आप्पासाहेब शिकला होता. सगळ्यांना शिकवून झालं आणि त्यालाच घरी बसवलं.

जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी वयानं मोठ्या कारभारीचं नाव घेतलं.

"माझंच का रं?"

विश्वजीत म्हणाला, "राग धरू नका मामा. आमची पोरं शाळंत हायेत. तुमच्यामागं कोन हाय?"

"मामा लई हुशार बी हायेत," सरूबाई सावरायला गेली.

"गप गं. हुशारी बघितली असती तर तुलाच पाठवलं असतं," विश्वजीत म्हणाला.

सगळे हसले. कारभारीही हसला, पण अर्धा डबा तसाच बंद केला. बायको सत्यभामा जाऊन वर्ष झालं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी घरात बसवत नाही म्हणून तो गुलमंडीच्या बाजारात उगीच फिरत राही. नोकरी गेली की रोजच सुट्टी.

हात धुऊन तो तडक केबिनमध्ये गेला.

"साहेब, माझं नाव काढा. मला जायचं नाय."

"कुठं जायचं नाही?"

"घरी."

चिन्मयना कळायला वेळ लागला. "अहो मामा, शिकवणारा तर राहणारच!" मग दार लोटून ते हळूच म्हणाले, "नव्या लाईनवर चौघंच लागतात. शिकवताना बघा, कोणाला जमतंय. बाकीचे तिघं तुम्हीच सांगायचे. बाहेर बोलू नका."

कारभारी दार उघडून निघाला. बाहेर सगळे वाट बघत होते.

"कधी जाताय?" विश्वजीतनं विचारलं.

न सांगता कारभारीला राहवेना. "मी ऱ्हातोय. चौघंच ऱ्हानार. बाकीचे तिघं मी सांगायचे म्हनतात."

कुणी हसलं नाही.

"मग कुनाची नावं दिली?"

"कुनाचीच नाय. देनार बी नाय."

"आधी समदे असंच म्हनतात," सरूबाई म्हणाली आणि आपल्या डब्यातला लाडू त्याच्यापुढं ठेवून शेजारी बसली. मग विश्वजीत आला. एकेक जण सरकत जवळ आला. चारी बाजूंनी माणसं बसलेली बघून कारभारीला घाम फुटला.