भागीरथाची पाठ

"हालू नोको," वारलू हळूच म्हणाला.

भागीरथा हलली नाही. उपटलेलं गवत मुठीत तसंच धरून ती कमरेत वाकून उभी होती आणि तिच्या मानेपासून कमरेपर्यंत साहेबांची गोल्फची काठी टेकवलेली होती. काठी घसरू नये म्हणून धरायला तिचा नवराच होता.

"देखिए," साहेब नागपूरच्या पाहुण्यांना समजावत होते, "घुटने ढीले, कमर से झुकी है, पीठ एकदम सीधी. हम लोग यहीं मार खाते हैं."

पाहुण्यांनी चारी बाजूंनी फिरून पाहिलं. एका बाईंनी शेजारी उभं राहून तसंच वाकून दाखवलं, तेव्हा सगळे हसले. मग एक पाहुणा मागच्या बाजूला गेला आणि इंग्रजीत काहीतरी बोलला. या वेळी फक्त पुरुष हसले. वारलूला इंग्रजी येत नव्हतं, पण ते हसू कळायला इंग्रजी लागत नव्हतं. तरी त्यानं काठी सोडली नाही.

चांद्याजवळच्या त्या कोळशाच्या खाणीवरून इंग्रज गेला आणि त्याचं मैदान तेवढं मागे राहिलं. नव्या साहेबांनी खुर्चीबरोबर खेळही उचलला, पण त्यांची पाठ काही त्यांचं ऐकेना. काठी उगारली की कुबड यायचं आणि चेंडू जायचा पळसाच्या झुडपात. तो हुडकून आणायचा आणि काठ्यांची थैली वाहायची, हे वारलूचं काम. ऑफिसात शिपाई म्हणून कायम करतो, असं साहेबांनी त्याला वचन दिलं होतं. तेव्हापासून वारलू साहेबांना खूश करायची संधीच शोधत असे.

ती त्यानं अशी शोधली. "साहेब, आमच्याकडच्या बाया दिवसभर वाकतेत, कंबर दुखत नाई. माह्या बायकोलेच पाहा ना!" मैदानात रोजीनं निंदण करणाऱ्या भागीरथाकडे त्यानं बोट केलं. त्यात त्याला अभिमानच वाटला होता, हे कबूल केलं पाहिजे. नागभीडकडची, धानाच्या मुलखातली पोर ती. चालायला लागली तशी रोवण्यात, भाताच्या लावणीत, वाकायला लागली. आपण कशा वाकतो, हे तिला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी तिनं भात वाढला आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

"काऊन बोलत नाईस?"

"तुमी दाखवलं मले."

"साहेब तारीफ करून राह्यले होते तुही!"

"माह्या तोंडाकडं पाह्यलं काय कोणी?"

"मले कायम करून राह्यले ना ते," तो म्हणाला.

"व्हा मंग कायम."

सकाळी ती माहेरी निघून गेली. रोवण्याला दरसाल जायचीच, पण सांगून जायची. वारलू कायम झाला. त्याला खाकी डगला मिळाला. तो अंगात घालून, राग निवळला असेल अशा आशेनं, तो तिला आणायला नागभीडच्या गाडीत बसला.

सासरा मुखरू बांधावरच भेटला. "या जवाईबापू," एवढंच म्हणाला आणि डगल्याकडे एकदा बघून पुन्हा बांध लिंपायला लागला.

खाली चिखलाच्या बांधीत बाया रांगेनं धान रोवत होत्या, गाणं म्हणत मागे मागे सरकत होत्या. भागीरथाची नजर वर गेली आणि ती सरळ उभी राहिली. हाताला चिखल, मुठीत पऱ्ह्यांची हिरवी रोपं. तिनं वर खोचलेलं लुगडं सोडलं. ते चिखलात बुडालं.

"चाल ना घरी," वारलू बांधावरून म्हणाला. "शिपाई झालो मी."

रांग मागे सरकली, ती एकटीच पुढे राहिली. शेजारची बाई ओरडली, "काऊन उभी वं? वाक ना!"

"वाकतो. त्याईले जाऊ दे," भागीरथा म्हणाली.

गाणं थांबलं. सगळ्या बाया वारलूकडे पाहू लागल्या आणि एकेक करून सगळ्याच सरळ उभ्या राहिल्या.

वारलू वळला. रस्त्याला लागल्यावर मागे गाणं पुन्हा सुरू झालं. एकदा मान वळवून तिला पाहावं, असं त्याला फार वाटलं. पण आता ती वाकली असेल, म्हणून त्यानं पाहिलं नाही.