मास्तर इथंच बसतील

"बाबा, द्या इकडे, मी उघडतो," मुलगा मागून म्हणाला. त्याच्या दोन्ही हातांत सामान होतं आणि बोचरा वारा सुटला होता.

"थांब रे. कुलूपच आहे, वाघ नाही," मास्तर म्हणाले.

दाराच्या चौकटीवर एक लहानशी लोखंडी पेटी बसवलेली होती. तिच्यावरच्या आकड्यांच्या चकत्या फिरवून ठरलेला आकडा जुळवला की पेटी उघडणार आणि आतली किल्ली मिळणार. जागेची मालकीण कुठेच दिसत नव्हती. आकडा तेवढा मुलाच्या फोनवर आला होता. मास्तरांचं बोट चकतीवर टेकायचं, हाताला कंप सुटायचा आणि चकती भलत्याच आकड्यावर जायची. शेवटी त्यांच्या बायकोनं, मेट्रनबाईंनी, नाडी बघावी तसं त्यांचं मनगट खालून धरलं. पेटी उघडली. मास्तरांनी किल्ली उंच धरून मुलाला दाखवली, जणू विहिरीतून काढली होती.

मुलाला नुकतीच मुलगी झाली होती. तिला बघायला दोघं पहिल्यांदाच परदेशात आली होती. मुलाचं घर एका खोलीचं, तेही बाळंतिणीनं आणि बाळानं भरलेलं, म्हणून त्यानं आईवडिलांसाठी दोन गल्ल्या पलीकडे ही जागा आठवडाभरासाठी घेतली होती. नीटनेटकी, पांढरीशुभ्र, कुणी कधी राहिलंच नसावं अशी. भिंतीभिंतींवर पाट्या होत्या. मुलगा त्या वाचून दाखवू लागला. बूट बाहेर ठेवा. खिडकी पूर्ण उघडू नका. गॅलरीत कपडे वाळत घालू नका. गादीवर, अंथरुणावर डाग पडल्यास ताबडतोब कळवा.

"श्वास घ्यायची परवानगी आहे का बघ कुठे," मास्तर म्हणाले.

"बाबा, आईच्या पाट्यांपेक्षा कमीच आहेत ह्या."

मास्तर खुदकन हसले. मेट्रनबाई हसल्या नाहीत, कारण ते खरंच होतं.

इस्पितळातून निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या घराच्या वरच्या मजल्यावर सुट्टीला येणाऱ्या लोकांसाठी खोल्या काढल्या होत्या. घर त्यांचं आणि धाकट्या दिराचं सामाईक. दीर फोन आणि जाहिरातीचं बघायचा, बाकी सगळं मेट्रनबाई. त्यांचा वॉर्ड जसा चालायचा तशाच खोल्या चालायच्या. चादरीला सुरकुती नाही, आरशावर थेंब नाही, आणि पाहुण्यांनी काय करू नये ते जागोजागी ठळक अक्षरांत. पडदे, चादरी, उशांचे अभ्रे सगळे मास्तरांच्या हातचे. मास्तर मुळात शिंपी. इस्पितळाच्या नर्सांचे गणवेश तेच शिवायचे. तिथंच दोघांची ओळख झाली. "बाई, तुम्ही दिवसभर हात वर करून सलाइन लावता, म्हणून बगलेत एक बोट सैल ठेवलंय," असं ते म्हणाले होते. आपण दिवसभर काय करतो हे कुणाच्या तरी लक्षात आलंय, ह्या एवढ्याशा गोष्टीवर मेट्रनबाईंनी घरच्यांशी भांडून लग्न केलं.

मग त्या हातांना कंपवात जडला. शिलाईचं मशीन बंद झालं. मास्तर खालच्या जेवणघरात पाहुण्यांबरोबर नाश्त्याला बसायचे, गप्पा मारायचे. घासातला अर्धा अंगावर सांडायचा. गेल्या हंगामात एका पाहुण्यानं जाता जाता इंटरनेटवर जाहीरपणे लिहिलं की जागा उत्तम आहे, पण नाश्त्याच्या वेळी समोर एक आजारी म्हातारा असतो, घास घशाखाली उतरत नाही. दिरानं तो मजकूर वहिनीसमोर धरला. "वहिनी, दादाला मागच्या खोलीत देत जाऊ नाश्ता. त्यालाही निवांत पडेल." मेट्रनबाईंनी विचार केला आणि होकार दिला. पेशंटला गर्दीत बसवू नये, असं त्या स्वतःशी म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून मास्तर मागच्या खोलीत, पाण्याच्या टाकीकडे तोंड करून नाश्ता करू लागले.

परदेशातल्या त्या शुभ्र जागेत मेट्रनबाईंना आयुष्यात पहिल्यांदा पाहुणी म्हणून राहायची वेळ आली, आणि त्यांना पदोपदी ठेच लागू लागली. दिव्याचं बटण पलंगापासून लांब, दाराजवळ. गरम पाण्याचा नळ कोणता ते हात पोळल्यावर कळलं. ओला टॉवेल टांगायला खुंटी नाही. कपांचे कान इतके नाजूक, की मास्तरांच्या बोटांत ठरेनात. उशाशी गोळ्या आणि पाण्याचा पेला ठेवायला वीतभर जागा नाही. मेट्रनबाई चिडत होत्या आणि चिडता चिडता गप्प होत होत्या, कारण त्यांच्या स्वतःच्या खोल्यांतही बटण दाराजवळच होतं.

एका सकाळी उजाडता उजाडता त्यांना जाग आली. मास्तर पलंगाच्या कडेला पाठमोरे बसले होते.

"काय झालं हो?"

"उठता आलं नाही वेळेवर," मास्तर म्हणाले. "बटण सापडेना अंधारात."

अंथरूण ओलं झालं होतं. मेट्रनबाईंनी उभा जन्म हे काम केलं होतं, त्यांना त्याचं काहीच नव्हतं. पण मास्तर भिंतीवरच्या त्या डाग कळवायच्या पाटीकडे बघत होते. वर्गाबाहेर उभं केलेल्या मुलासारखा चेहरा करून बघत होते, आणि ते मात्र मेट्रनबाईंना सहन झालं नाही.

त्यांनी मास्तरांना अंघोळ घातली, कोरडे कपडे चढवले. चादर नळाखाली धुतली, पिळली, आणि सरळ गॅलरीत नेऊन रस्त्याकडच्या कठड्यावर पसरली.

"अगं, पाटी आहे ना तिथं."

"मला ती भाषा येत नाही," मेट्रनबाई म्हणाल्या.

ऊन वर यायच्या आत दारावर टकटक झाली. मालकीण होती. त्यांच्याच वयाची, उंच, कडक इस्त्रीची. गळ्यात चष्मा लोंबत होता. ती फोनमध्ये काहीतरी बोलली आणि फोन मराठीत बोलू लागला, ताम्रपट वाचल्यासारखा. "माननीय अतिथी. सज्ज्यावर वस्त्र प्रसारित करणे निषिद्ध आहे. शेजारी व्यथित आहेत."

आतून मास्तर हसले. मालकिणीनं डोकावून पाहिलं. ते खुर्चीत बसले होते, त्यांचा हात मांडीवर थरथरत होता. मग तिनं गादीकडे पाहिलं, गादीवर ठेवलेल्या टॉवेलांकडे पाहिलं. ती पुन्हा फोनशी बोलली, ह्या वेळी हळू आवाजात. फोन मात्र तेवढ्याच मोठ्यानं बोलला. "आपण रुग्णास सोबत आणणार असल्याचे कळविले नव्हते."

मास्तरांचं हसू विझलं.

"पेशंट नाही ते," मेट्रनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वॉर्डच्या ह्या टोकापासून त्या टोकाला जायचा, तोच आवाज. "नवरा आहे माझा. ह्या हातांनी त्यांनी अख्ख्या इस्पितळाला कपडे घातलेत. हात हलतो, माणूस हलत नाही. चादर धुतलीय, वाळली की काढीन. वाळायच्या आधी काढणार नाही. सांगा तुमच्या फोनला."

फोनला त्यातलं काय कळलं कोण जाणे. मालकिणीनं मेट्रनबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. तिला फोनची गरज पडली नसावी. ती वळून निघून गेली.

मुलगा संध्याकाळी आला तेव्हा अस्वस्थ होता. "आई, तिनं मला कळवलंय. आपण दुसरी जागा बघू या का?"

"का म्हणून? आठवडा ठरलाय, आठवडा राहणार. उद्यापासून आम्ही दोघं चहासुद्धा गॅलरीत घेणार आहोत."

आणि घेतलाच. रोज सकाळी मास्तरांची खुर्ची गॅलरीत, रस्त्यावरून जाणाऱ्या येणाऱ्याला दिसेल अशी. मास्तर लोकांना हात करायचे. हात हलतच असल्यामुळे फारसे कष्ट पडत नाहीत, असं म्हणायचे. एकदा खालून मालकीण गेली. तिनं वर पाहिलं नाही.

पण दुसऱ्या दिवशी दार उघडलं तर बाहेर कपडे वाळत घालायची घडीची घोडी भिंतीला टेकवून ठेवलेली होती. सोबत दोन धुतलेल्या चादरी आणि गादीवर घालायचं मेणकापड. निरोप नाही, टकटक नाही. मेट्रनबाईंनी सगळं आत आणलं. "मनानं वाईट नाही बाई," त्या म्हणाल्या. "फक्त कधी पाहुणी म्हणून राहिलेली नाही कुठे."

"तू तरी कुठे राहिली होतीस?" मास्तर म्हणाले.

परतीच्या विमानात मास्तर झोपले. मेट्रनबाईंना झोप आली नाही. पाण्याच्या टाकीकडे तोंड केलेली ती मागच्या खोलीतली खुर्ची डोळ्यांसमोरून हलेना. त्या मालकिणीनं 'रुग्ण' हा शब्द फोनकडून वदवून घेतला होता, तेही परक्या माणसाबद्दल. आपण तर तो मनातल्या मनात, आपल्या भाषेत आणि आपल्याच माणसाला लावला.

घरी पोचल्यावर त्यांनी बॅगासुद्धा उघडल्या नाहीत. आधी मागच्या खोलीतून खुर्ची उचलली आणि जेवणघरात, खिडकीजवळच्या टेबलाशी आणून ठेवली. मग वर गेल्या आणि एकेक करून पाट्या उतरवल्या. पुढच्या आठवड्यात वायरमनला बोलावून पलंगाशी बटणं बसवून घेतली. गरम पाण्याच्या नळाला लाल पट्टी लावली. भिंतीत दणकट खुंट्या आल्या, उशाशी फळ्या आल्या, आणि कपाटात मेणकापड, उघड, पांघरुणांच्या शेजारी. नाजूक कप गेले. दोन्ही हातांनी धरता येतील असे जाड कप आले.

दिरानं हे सगळं पाहून घेतलं आणि मग तो जेवणघरात आला.

"वहिनी, बटणं, खुंट्या सगळं ठीक. पण दादाची खुर्ची इथं नको. मागच्या वेळी काय झालं ते विसरलात?"

"विसरले नाही म्हणूनच आणली."

"अहो, हा धंदा आहे. धर्मशाळा नाही."

"धर्मशाळेत तरी कुणी विचारत नाही, हात का हलतो म्हणून."

"पाहुणे जातील."

"जाऊ देत. दार दोन्हीकडे उघडतं."

दीर दादाकडे वळला. "दादा, तू तरी सांग वहिनींना."

मास्तर खिडकीबाहेर बघत होते. "मागच्या खोलीत टाकी दिसते रे," ते म्हणाले. "टाकीशी किती बोलणार माणूस?"

दीर पाय आपटत निघून गेला.

पहिली परीक्षा लवकरच आली. एक जोडपं आलं होतं, चांगलं शिकलेलं, बोलायला गोड. खोली त्यांना फार आवडली. सकाळी नाश्त्याला दोघं खाली आली, खिडकीजवळ मास्तरांना बघून दाराशीच थबकली. मास्तर पावाला लोणी लावत होते. सुरी ताटलीवर टकटक वाजत होती.

"या, या," मास्तर म्हणाले. "आवाजाकडे लक्ष देऊ नका, आमच्याकडे बँड असतो नाश्त्याला."

बाईनं मेट्रनबाईंना बाजूला घेतलं. "आम्हाला नाश्ता वर मिळेल का? नाही म्हणजे... तसं काही नाही, पण सकाळी सकाळी..."

"मिळेल की. ट्रे घेऊन येते वर."

"उद्यापण?"

"रोज आणीन. पाहुण्यांना हवं तिथं द्यायचं. पण मास्तर इथंच बसतील."

नवरा पुढे झाला. "काकू, रागावू नका, पण आम्ही हे लिहिलं तर तुम्हालाच जड जाईल. पेशंट असलेल्या घरात..."

"लिहा," मेट्रनबाई म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. "फक्त पेशंट लिहू नका. घरमालक लिहा. खिडकीजवळ घरमालक बसलेले असतात, ते कंपवातानं थरथरतात आणि विनोद करतात, असं लिहा. ज्यांना चालेल ते येतील."

जोडपं दुपारी गेलं. त्यांची जड बॅग मेट्रनबाईंनी स्वतः गाडीपर्यंत पोचवली आणि गाडी वळेपर्यंत फाटकात उभ्या राहिल्या. पाहुण्याला निरोप नीट द्यायचा, त्याच्याशी भांडण असलं तरी.

त्या जोडप्यानं लिहिलं, आणि पुष्कळ लिहिलं. त्यानंतर येणारे थोडे कमी झाले. दिरानं महिनाभर वाट पाहिली, मग जिन्यापलीकडची आपल्या वाटणीची खोली वेगळी काढली. "वहिनी, मला माफ करा, पण मला जमणार नाही हे," तो म्हणाला. त्याला खरोखरच वाईट वाटत होतं. मेट्रनबाईंनी त्याला दोन जाड कप दिले. त्याचे पाहुणे आता बाहेरच्या जिन्यानं येतात आणि जातात. ते कोण असतात ते कुणाला कळत नाही.

एका सकाळी वरच्या सगळ्या खोल्या रिकाम्या होत्या. मेट्रनबाईंनी सवयीनं जेवणघरातली टेबलं पुसली, कप मांडले, आणि मग हातातलं फडकं घेऊन मधोमध उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्या खोलीत त्या कधी बसल्या नव्हत्या; वाढायचं, उचलायचं, नजर ठेवायची.

"बस की," मास्तर म्हणाले. "पाहुणी नाही आज कुणी. तूच हो."

त्या समोरच्या खुर्चीत बसल्या, आधी कडेला, मग नीट टेकून. मास्तरांनी किटली उचलली. मेट्रनबाईंचा हात मदतीला निघाला आणि त्यांनी तो आवरून मांडीवर ठेवला. चहाची धार कपात पडली, बशीत पडली, टेबलावर पडली. मास्तर न थांबता ओतत राहिले, कप भरेपर्यंत.

"साखर किती घेणार, बाई?" त्यांनी विचारलं.

मेट्रनबाईंनी बशी उचलली आणि आधी तिच्यातला चहा प्यायल्या.