देवरावांचा काटेवाला मीटर

मित्रांनो, मला नावानं ओळखणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत. मी एक जुना मल्टिमीटर आहे, काटेवाला. काळी पेटी, वर काच, काचेमागे एक बारीक काटा आणि अंगातून निघालेल्या दोन तारा, एक लाल, एक काळी. त्या तारांची टोकं जिथे टेकवाल तिथे वीज किती आहे आणि पुढची वाट मोकळी आहे की तुटली आहे, हे माझा काटा सांगतो.

कारखान्यातलं फारसं आठवत नाही. चिमट्यानं काटा बसवताना श्वास रोखून धरणारी एक बाई तेवढी आठवते. पुढे नागपूरच्या दुकानातून देवरावांनी मला घेतलं आणि एसटीत मांडीवर धरून आर्णीला आणलं. बस स्टँडजवळ त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. कापूस वेचणीच्या दिवसांत शेतकरी सायकलच्या कॅरिअरला रेडिओ बांधून यायचे. देवराव माझ्या तारा हातात घेत आणि म्हणत, "सांग रे बाप्पा, कुठं अडलं?" काटा हलला की लोक टाचा उंचावून बघत. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग भिंतीवरचे पातळ टीव्ही आले, हातात मोबाईल आले आणि रेडिओ कोणी दुरुस्तीला आणेना. देवरावांनी दुकान भाड्यानं दिलं. तिथे आता ऋतिक नावाचा तरुण मोबाईलची कव्हरं विकतो. मी पत्र्याच्या पेटीत, खाटेखाली गेलो. काही वर्षांनी देवरावांच्या पत्नी वारल्या. मुलगा दूर पुण्याला. काचबिंदूनं देवरावांची नजर हळूहळू गेली. पेटीच्या अंधारात मला घरातले आवाज तेवढे ऐकू येत. सकाळी बादली भरल्याचा. दुपारी ताट ठेवल्याचा, एकच ताट. बोलण्याचा आवाज कित्येक दिवस येत नसे. माझ्या पोटातला सेल कधीतरी फुटला आणि त्याचा खार, सेल टेकतो त्या पत्तीवर चढला. मित्रांनो, वापरात नसलेल्या यंत्रातला सेल काढून ठेवत जा. फार जळजळतं.

अकरा वर्षांनी, एका रविवारी सकाळी, दाराची कडी वाजली.

"काका, मी ममता. पंचायत समितीत आहे. ऋतिकनं तुमचं नाव सांगितलं."

"रेडिओ हाय काय? मले आता दिसत नाही, बाई."

"रेडिओ नाही जी. मीच एक यंत्र बनवून राह्यली. दोन महिने झाले, चालतच नाही."

ममता चाळिशीची. घरी ती आणि आई इंदुताई, दोघीच. इंदुताईंना मुळीच ऐकू येत नव्हतं. उन्हाळ्यात ममता ऑफिसातून आली, तर दाराला आतून कडी. तासभर ती दार वाजवत राहिली. शेवटी शेजारच्या बेबीताईंनी शिडी लावून आत उतरून पाहिलं. इंदुताई शांतपणे तूर निवडत बसल्या होत्या. त्या एका तासात ममताच्या मनात काय काय येऊन गेलं, ते तिनं कोणाला सांगितलं नाही. दारावर थाप पडली की स्वयंपाकघरात दिवा लागेल, असं काहीतरी करायचं तिनं ठरवलं.

"इंटरनेटवर विचारलं," ती सांगत होती. "एकानं लिहिलं, आधी शिकून या. दुसऱ्यानं नुसतं हसण्याचं चित्र टाकलं. दुकानात म्हणतात, कायले डोकं लावता ताई, तयार घ्या."

"मंग काहून नाही घेत तयार?"

"आईले ऐकू येत नाही, काका. घरी आल्यावर मी बोलू कोणाशी? हे करत बसली की तेवढं बरं वाटते मले."

देवराव वाकले, चाचपडत पेटी ओढली आणि मला बाहेर काढलं. ममतानं लिंबू आणि जुना ब्रश घेऊन माझा खार घासला, नवा सेल घातला आणि तारांची टोकं एकमेकींना टेकवली. माझा काटा थरथरला आणि उठला!

"आता तू वाच. मी सांगतो," देवराव म्हणाले.

आधी तिच्या यंत्राची बॅटरी मोजली, ती चांगली होती. मग तारा एकेक करून तपासल्या, त्याही चांगल्या होत्या. "तो तीन पायांचा ट्रान्झिस्टर काढ. कडेच्या दोन पायांले तारा लाव. बोट ओलं कर अन् मधल्या पायासंगं कडेच्या पायाले टेकव."

"काटा हलत नाही, काका."

"तारा उलट्या लाव. बोट दुसऱ्या कडेले."

मी उडीच मारली.

"पाय उलटे बसवले तू," देवराव हसले. "ज्या चित्रावरून बनवलं, त्यातला नंबर वेगळा असंल, तुह्या हातातला वेगळा. दिसते सारखेच."

ममतानं पाय फिरवून पुन्हा कथलाचा डाग दिला. देवरावांनी टेबलावर थाप मारली.

"लागला काय?"

त्यांनी पुन्हा थाप मारली.

"लागला, काका," ती म्हणाली.

दिवा घेऊन ती गेली. देवरावांनी मला पेटीत ठेवलं नाही, टेबलावर ठेवलं. दर रविवारी ते टेबल पुसत आणि बसत. गल्लीत स्कूटीचा आवाज आला की मान वर करत. आवाज पुढे निघून जाई. काम झालं होतं. कोण कशाला येईल? चार महिने असेच गेले. मित्रांनो, पेटीतल्या अकरा वर्षांपेक्षा ते चार महिने मला लांब वाटले.

दिवाळीनंतर कडी वाजली. "काका, पुन्हा अडलं जी."

तेच यंत्र होतं. ममतानं तारा लावल्या. माझा काटा सगळीकडे जिथे हवा तिथे उभा राहिला. यंत्र ठणठणीत होतं.

"इथं कमी दाखवते, काका," माझ्याकडे बघत ममता म्हणाली.

मी चकित झालो. देवराव विचारत गेले, ती मनचे आकडे सांगत गेली. त्या आकड्यांचा एकमेकांशी मेळ नव्हता. चाळीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाला ते कळलं नसेल? मध्येच चहा झाला. इंदुताईंच्या गोष्टी निघाल्या. दुपार झाली.

देवरावांनी यंत्रावरून हलकेच बोटं फिरवली आणि गंभीरपणे मान हलवली.

"लई किचकट हाय व पोरी. आज नाही होत. पुढच्या इतवारी ये."

"येते जी," ममता म्हणाली.

मित्रांनो, तुमच्याही गावात असं कोणीतरी असेल. काही अडलं तर त्यांच्याकडे जा. नाही अडलं, तरी जा.